रात्र कोणाच्या खात्यावर?

शारजा शहराच्या ऐन वस्तीत अल महट्टा नावाचे एक संग्रहालय आहे. गढीसारखी दिसणारी ही इमारत 1932 साली उभी राहिली, ती विमानाच्या प्रवाशांना रात्री निजता यावे म्हणून. इंग्लंडहून हिंदुस्थानाकडे येणारी इम्पीरियल एअरवेजची विमाने त्या काळी प्रवाशांना घेऊन शक्यतो अंधारात उडत नसत. दिवस मावळायच्या आत ठरलेल्या ठिकाणी उतरायचे, जेवायचे, झोपायचे आणि उजाडल्यावर पुढे निघायचे, असा शिरस्ता होता. 1929 साली हा मार्ग सुरू झाला तेव्हा लंडनहून कराचीला पोहोचायला सात दिवस लागत आणि वाटेतल्या मुक्कामांचा खर्च तिकिटातच धरलेला असे. शारजाची ही गढी ज्या वर्षी झाली त्याच वर्षी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणून मुंबईत जुहूला विमान उतरवले, ते याच मार्गाला जोड म्हणून. मुंबई हवाई नकाशावर आली तेव्हापासूनच तिच्या वाटेत आखातातला रात्रीचा मुक्काम आहे. पण त्या काळी या मुक्कामावरून वाद होण्याचे कारण नव्हते. विमानाला रात्री पुढे जाता येत नव्हते, म्हणून ती रात्र कंपनीच्या खात्यावर पडत होती.

पुढे लांब पल्ल्याची विमाने आली आणि ही अडचण संपली. आज मुंबईहून न्यूयॉर्कला कुठेही न उतरता जाता येते. तरीही दुबई, दोहा, इस्तंबूल, फ्रँकफर्ट, सिंगापूर या विमानतळांवर रोज हजारो प्रवासी रात्र काढतात, आणि त्यांत बिझनेस क्लासचे महागडे तिकीट घेतलेलेही असतात. ही रात्र आता यंत्राच्या मर्यादेतून येत नाही, ती वेळापत्रकातून येते. मोठ्या विमान कंपन्या एका मध्यवर्ती विमानतळावर लाटांप्रमाणे विमाने आणतात. दोन-तीन तासांत चाळीस-पन्नास दिशांकडून विमाने उतरतात आणि थोड्या वेळाने तितक्याच दिशांना निघतात. ज्याची दोन्ही विमाने एकाच लाटेत बसली त्याला दोन तासांत पुढचे विमान मिळते. ज्याचे दुसरे विमान पुढच्या लाटेत आहे त्याला आठ-दहा तास थांबावे लागते. या प्रकरणाचे म्हणणे एवढेच आहे की, लाउंज, हॉटेल आणि रात्रीचा मुक्काम यांबद्दलचे वरकरणी किचकट नियम एकाच प्रश्नाभोवती फिरतात: ही रात्र कोणामुळे आली आणि तिचा खर्च कोणी उचलायचा? तिकिटाचा वर्ग हा या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आहे, पूर्ण उत्तर नाही. बहुतेक प्रवासी मात्र वर्गालाच पूर्ण उत्तर समजतात आणि तिथेच फसतात.

सुरुवात लाउंजपासून करू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज त्याच्याबद्दल आहे. अमेरिकन एअरलाइन्सने 1939 साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ॲडमिरल्स क्लब सुरू केला. विमान कंपनीचे हे पहिले लाउंज मानले जाते. सुरुवातीला तिथे प्रवेश निमंत्रणावर होता. मोठी माणसे, नेहमीचे गिऱ्हाईक यांना गर्दीपासून दूर बसवून खूश ठेवायचे, हा त्यामागचा हेतू. हळूहळू निमंत्रणाची जागा पैसे भरून मिळणाऱ्या सदस्यत्वाने घेतली. 1992 साली प्रायॉरिटी पास हे सदस्यकार्ड आले आणि कुठल्याही कंपनीच्या, कुठल्याही वर्गाच्या प्रवाशाला लाउंजचे दार उघडले. भारतात तर हे दार क्रेडिट आणि डेबिट कार्डांनी सताड उघडले. यंत्रावर कार्ड टेकवायचे, दोन रुपये कापले जायचे आणि आत इडली-सांबारापासून गुलाबजामापर्यंत सगळे हजर. परिणाम व्हायचा तोच झाला. बाहेरच्या खुर्च्या रिकाम्या आणि लाउंजबाहेर रांग, असे दृश्य भारतातल्या मोठ्या विमानतळांवर दिसू लागले. मग बँकांनी आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच प्रवेश, अशा अटी घातल्या. अमेरिकेत डेल्टाने 2022 साली विमान सुटण्याच्या तीन तासांपेक्षा आधी लाउंजमध्ये शिरायला बंदी केली. जोडविमानाच्या प्रवाशांना तेवढी सूट ठेवली. प्रायॉरिटी पासच्या अनेक लाउंजांतही तीन तासांची मर्यादा असते. या शेवटच्या दोन अटींचे एकक तास आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लाउंज ही मुळात प्रतीक्षा करण्याची जागा आहे. प्रतीक्षा दोन-तीन तासांची असेल तर लाउंजइतकी चांगली सोय नाही; रात्रभराच्या मुक्कामासाठी ती बांधलेलीच नाही.

प्रवेशाचे नियम वाचले की हे अधिक उघड होते. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाच्या नियमानुसार बिझनेस क्लासच्या प्रवाशाला लाउंज मिळते ते पुढच्या विमानाच्या बोर्डिंग पासवर, आणि ते विमान त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आत सुटणारे असावे लागते. वनवर्ल्ड या दुसऱ्या गटाच्या नियमात ही सीमा पहाटे सहाची आहे. ही पहाटेची अट कशासाठी, हे मुंबईच्या प्रवाशाला लगेच कळेल. युरोपची बरीच विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच विमानांना बंदी आहे, आणि सकाळी लवकर उतरले तर अमेरिकेकडे जाणारी पुढची विमाने साधता येतात. म्हणून मुंबईहून निघायची वेळ रात्री दीड-दोन-तीन अशी पडते. नागपूरहून किंवा गोव्याहून संध्याकाळी मुंबईत आलेल्या माणसाच्या बोर्डिंग पासवर दुसऱ्या दिवसाची तारीख असते. नियमात फक्त ‘त्याच दिवशी’ एवढेच असते तर बारा वाजेपर्यंत त्याला बाहेर बसवावे लागले असते. पहाटे पाचची सवलत त्याच्यासाठी आहे. पण आता दुसरा प्रवासी पाहा. तो रात्री दहाला उतरला आणि त्याचे पुढचे विमान सकाळी नऊला आहे. नियम शब्दशः लावला तर दहा वाजता त्याला प्रवेश नाही, कारण त्याचे विमान आज सुटत नाही आणि पहाटे पाचच्या आतही सुटत नाही. बारा वाजून गेले की तारीख बदलते आणि तोच बोर्डिंग पास चालू लागतो, अर्थात लाउंज उघडे असेल तर. स्वतःच्या मुख्य विमानतळावर काही कंपन्या इतके काटेकोर राहत नाहीत, पण तो त्यांचा उदारपणा. प्रवाशाचा हक्क नाही. ज्याला सगळ्यात जास्त वेळ काढायचा आहे, नेमका त्याच्याच वाट्याला सगळ्यात कमी हक्क येतो. हे अन्यायाचे वाटेल, पण नियम करणाऱ्यांच्या डोक्यात लाउंज म्हणजे विमानाकडे जाण्याची शेवटची पायरी आहे, हे धरले की त्यात विसंगती उरत नाही.

शिवाय बिझनेस क्लास या शब्दाचा अर्थही आता पूर्वीसारखा अखंड राहिलेला नाही. एमिरेट्सने 2019 साली बिझनेस क्लासचे एक स्वस्त भाडे आणले, ज्यात आसन आणि जेवण तेच, पण लाउंज नाही. 2020 साली कतार एअरवेजनेही त्याच धर्तीचे भाडे सुरू केले. अमेरिकेत देशांतर्गत फर्स्ट क्लासच्या तिकिटावर सहसा लाउंज मिळतच नाही. ज्याला भारतीय प्रवासी गृहीत धरतो ती गोष्ट तिथे वेगळी विकली जाते. आधीच्या टप्प्यात बिझनेस क्लास आणि पुढे इकॉनॉमी, असे मिश्र तिकीट असेल तर स्टार अलायन्समध्ये पुढच्या विमानाचा वर्ग पाहिला जातो, तर वनवर्ल्डमध्ये लांब पल्ल्याचे आधीचे विमानही गणले जाते. म्हणजे कुठल्या वर्गात बसलात एवढे पुरत नाही. कुठल्या भाड्याने, कुठल्या कंपनीच्या, कितव्या टप्प्यात आणि घड्याळात किती वाजता, हे सगळे जुळावे लागते.

आता हॉटेलकडे येऊ, कारण रात्रीचा खरा निकाल तिथे लागतो. एमिरेट्सच्या ‘दुबई कनेक्ट’ योजनेत फर्स्ट आणि बिझनेसच्या प्रवाशाला 6 ते 24 तासांच्या थांब्यासाठी कंपनीच्या खर्चाने हॉटेल मिळू शकते. इकॉनॉमीच्या प्रवाशाचा किमान थांबा सहा तासांहून लांब असावा लागतो. टर्किश एअरलाइन्सकडे इस्तंबूलमध्ये अशीच सोय आहे, सर्वसाधारणपणे बिझनेससाठी 9 तासांपासून आणि इकॉनॉमीसाठी 12 तासांपासून. हे आकडे कंपन्या अधूनमधून बदलतात. आकड्यांपेक्षा त्यांच्यामागची अट जास्त बोलकी आहे. एमिरेट्सची अट अशी की, तो थांबा उपलब्ध जोडविमानांपैकी सर्वांत सोयीचा असला पाहिजे. तीन तासांत पुढचे विमान मिळत असताना तुम्ही स्वतःहून अकरा तासांचे निवडले असेल तर हॉटेल नाही. दुसऱ्या टोकाला 24 तासांची मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय भाड्यांच्या प्रचलित नियमात 24 तासांच्या आतला थांबा हा प्रवासाचाच भाग, म्हणजे ट्रान्झिट, धरला जातो. त्यापुढचा थांबा म्हणजे स्टॉपओव्हर, प्रवाशाने मुद्दाम केलेला मुक्काम. या दोन अटी शेजारी ठेवल्या की शारजाच्या गढीतला हिशेब पुन्हा दिसतो. आमच्या वेळापत्रकामुळे रात्र आली तर ती आमची. तुमच्या पसंतीने आली तर ती तुमची. वर्ग बदलला की किती तासांनी हिशेब सुरू होतो तेवढे बदलते. हिशेबाचे तत्त्व फर्स्ट क्लाससाठीही तेच राहते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. दोन-तीन लाख रुपये मोजून तिकीट घेतलेल्या माणसाला रात्रीच्या खोलीसाठी अटी का लावायच्या? एवढ्या पैशांत खोलीचे भाडे सहज निघेल. आक्षेप वाजवी वाटतो, पण तिकिटाची किंमत कशी ठरते हे त्यात सुटून जाते. विमान कंपनी मुंबई ते दुबई आणि दुबई ते न्यूयॉर्क अशा दोन किमतींची बेरीज करून विकत नाही. ती मुंबई ते न्यूयॉर्क या बाजारात, थेट जाणाऱ्या विमानाशी स्पर्धा करत विकते. थेट विमानाला वेळेची सोय असल्याने त्याला जास्त भाव मिळतो; थांब्याच्या प्रवासाला किंमत कमी करावी लागते, आणि थांबा जितका गैरसोयीचा तितकी ती बहुधा आणखी कमी. रात्री दहाला उतरून सकाळी नऊला निघणारे तिकीट स्वस्त दिसते, त्याचे कारण त्यातली रात्र. ती सवलत खिशात घातल्यावर पुन्हा त्याच रात्रीचे हॉटेलही मागणे म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा मागणे. मात्र थोड्या वेळाचा पर्यायच नसेल तर प्रवाशाने काही निवडलेले नसते. तिथे कंपनीने सोय करावी ही अपेक्षा रास्त आहे, आणि अनेक कंपन्या तिथेही हात वर करतात, ही तक्रारही रास्त आहे.

दुसरा आक्षेप असा की, आता लाउंजच इतकी आलिशान झाली आहेत की हॉटेलची गरज काय? दोहाच्या हमद विमानतळावरचे अल मुरजान लाउंज सुमारे दहा हजार चौरस मीटरचे आहे; तिथे शॉवर आहेत, उपाहारगृहे आहेत, शांत बसायच्या जागा आहेत, आणि ते रात्रभर उघडे असते. फ्रँकफर्टला लुफ्तान्झाने 2004 साली फर्स्ट क्लासच्या प्रवाशांसाठी वेगळी इमारतच बांधली, जिथून मोटारीने थेट विमानापर्यंत नेतात. पण फ्रँकफर्टची ती इमारत मोजक्या फर्स्ट क्लास प्रवाशांसाठी आहे, आणि त्या विमानतळावर रात्री विमानेच उडत नसल्याने तिचा रात्रीच्या मुक्कामाशी संबंध नाही. दोहाचे लाउंज रात्री उघडे असते ते तिथली विमानांची मोठी लाट रात्रीच येते म्हणून. म्हणजे शेकडो माणसे एकाच वेळी आत, दिवे चालू, भांड्यांचे आवाज आणि मागे टेकणाऱ्या खुर्च्यांसाठी चढाओढ. तिथेच सुरक्षा तपासणीच्या आतल्या बाजूला पैसे घेऊन खोली देणारे हॉटेलही चालते, आणि लाउंजचा हक्क असलेले प्रवासीही ते घेतात. साठी-सत्तरीचे आईवडील नातवंडांकडे अमेरिकेला निघाले आणि मुलांनी त्यांच्यासाठी हौसेने बिझनेस क्लास काढला, असे चित्र पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत आता नवे नाही. त्यांना विमानात आडवे झोपता यावे म्हणून लाखभर जास्त मोजायचे आणि मधल्या दहा तासांत खुर्चीत बसवायचे, यात हिशेब चुकतो. विमानातल्या झोपेवर खर्च करताना जमिनीवरची झोप मोजायची राहते.

हॉटेलच्या वाटेत आणखी एक दार असते: इमिग्रेशनचे. कंपनीने दिलेले हॉटेल शहरात असेल तर त्या देशात पाऊल ठेवण्याची परवानगी लागते, आणि इथे तिकिटाच्या वर्गापेक्षा पासपोर्टचा रंग मोठा ठरतो. भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा सहज मिळतो तो अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा हातात असेल तर. तो नसेल तर बिझनेस क्लासच्या प्रवाशालाही इस्तंबूलचे फुकट हॉटेल दुरूनच पाहावे लागते, आणि त्याच विमानातला युरोपीय पासपोर्टचा इकॉनॉमी प्रवासी तिथे जाऊन निजतो. अशा वेळी विमानतळाच्या आतले हॉटेल हाच उपाय उरतो. दोहा, दुबई, सिंगापूर, इस्तंबूल इथे ते आहे, सगळीकडे नाही. सामानही मधेच हाती येईल असे धरू नये. एकाच तिकिटावर 24 तासांच्या आतला थांबा असेल तर बॅगा बहुधा थेट शेवटच्या मुक्कामी जातात. म्हणून औषधे आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत असावेत, हा जुना सल्ला बिझनेस क्लासलाही लागू आहे.

तिसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो: हे सगळे श्रीमंतांचे दुखणे आहे, सामान्य वाचकाने त्यात का पडावे? पण आतापर्यंतची चर्चा ठरवून आलेल्या रात्रीची होती. विमान रद्द झाले, उशीर झाला आणि रात्र अंगावर आली, तर चित्र पालटते. तिथे कायदा बोलतो आणि तो वर्ग विचारत नाही. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त, किंवा कोणत्याही विमानाला चोवीस तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर कंपनीने हॉटेलची सोय द्यायची असते. युरोपीय संघाचा 2004 सालचा 261 क्रमांकाचा नियम जेवण आणि रात्रीच्या मुक्कामाची जबाबदारी कंपनीवर टाकतो. 2010 साली आइसलंडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश बंद पाडले तेव्हाही ही जबाबदारी सुटत नाही, असे युरोपीय न्यायालयाने 2013 साली सांगितले. राख कंपनीने उडवली नव्हती, पण अडकलेला प्रवासी तिच्या तिकिटावर होता. हा हक्क शेवटच्या रांगेतल्या प्रवाशाला पहिल्या रांगेतल्याइतकाच आहे, आणि तो माहीत नसल्याने जमिनीवर चादर टाकून रात्र काढणारे बहुधा शेवटच्या रांगेतलेच असतात. तेव्हा रात्र कोणाच्या खात्यावर, हा प्रश्न श्रीमंतांपुरता नाही. त्यांच्या तिकिटांवर तो फक्त जास्त स्पष्ट दिसतो.

म्हणून तिकीट काढण्याआधी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत का? वेगवेगळी काढली असतील तर कायद्याच्या दृष्टीने ते दोन स्वतंत्र प्रवास होतात आणि मधली रात्र सर्वस्वी तुमची. त्याच कंपनीचे याहून कमी थांब्याचे विमान आहे का? असेल तर हॉटेलची आशा सोडावी. तुमच्या भाड्यात लाउंज धरले आहे का, पुढचे विमान किती वाजता सुटते, आणि त्या देशात उतरण्याचा व्हिसा आहे का? ही उत्तरे कंपनीच्या संकेतस्थळावर भाड्याच्या अटींत असतात आणि वाचायला दहा मिनिटे लागतात. रात्री दहाला उतरून सकाळी नऊला निघणारे तिकीट दुसऱ्यापेक्षा वीस हजारांनी स्वस्त दिसले, तर विमानतळातल्या हॉटेलची खोली आणि रात्रीचे जेवण आधी त्याच्या किमतीत मिळवावे आणि मगच दोन्ही तिकिटे शेजारी ठेवून पाहावीत.